जसंच्या तसं

७ जानेवारी

प्रिय बारके,

फोन तू उचलत नाहीस. उचल असं मी म्हणत नाही, उचलू नकोस असंही नाही. पत्र असलं की वाचायचं की नाही हे माणसाला बसून ठरवता येतं, म्हणून पत्र लिहितोय.

मी भाड्याची खोली सोडली आणि घरी राहायला आलो. तू नोकरीसाठी गेल्यावर आई-बाबांच्या मध्ये कोणीतरी लागणारच होतं. सुरुवातीला त्यांनी भागवलं म्हणे. बाबांना चहा हवा असला की ते रिकामा कप बशीवर आपटायचे. आईला काही कळवायचं असलं की ती शेजारच्या बाईंना हाक मारायची. एकदा टपालवाला दारात आला, तर बाबा त्यालाच म्हणाले, "आत जरा सांगा, वीजवाले दुपारी येणार आहेत." तो बिचारा चपला काढून स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि सांगून आला. शेजारच्या बाईंनी हे मला हसत हसत सांगितलं. मग हसू आवरून म्हणाल्या, "आता तूच ये बाबा. आमच्या ह्यांना वाटायला लागलंय, मी तुमच्याकडे कामाला आहे."

म्हणून आलो. तुझ्या कॉटवर झोपतो. जेवताना मध्ये बसतो. बाबा म्हणतात, "तिला सांग, पाणी हवं." पाण्याचा जग आईच्या हाताशीच असतो. मी म्हणतो, "आई, बाबांना पाणी हवं आहे." आई जग माझ्याकडे सरकवते, मी त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की हसू तरी येईल किंवा रडू तरी. दोन्ही आलं नाही. कामावर पाळीला बसल्यासारखं वाटलं.

तसं माझं कामही हेच. सभागृहात सभासद बोलतात, मी लघुलिपीत उतरवून घेतो. पाळी संपली की जोडीदार माझ्या जागी बसतो आणि मी बाहेर येऊन उतरवलेलं टंकून देतो. बोललं गेलं तेवढंच. वाक्य अर्ध्यात सुटलं असेल तर अर्धंच. आमच्याकडे एक पाप मानतात : वक्त्याला काय म्हणायचं होतं ते आपण ठरवणं. आणि एक महापाप : त्याला गाठून "साहेब, तुम्हाला काय म्हणायचं होतं?" असं विचारणं. कारण विचारलं की तो बदलतो.

घरीही मी तसंच ठरवलं आहे. जे म्हणतील ते जसंच्या तसं पोचवायचं. तू जाताना मी तुला बोललो होतो, तू दोघांच्या बोलण्यात स्वतःचं मिसळतेस म्हणून. तू तेव्हापासून बोलत नाहीस. ते मला अजून खरंच वाटतं. हे रागाने लिहीत नाही. राग सध्या येत नाही.

एक गोष्ट तपासून हवी आहे. दोघांचा हा अबोला सुरू झाला त्या दिवशी तू शाळेत होतीस, पण आईकडून तू ते ऐकलं असशील. माझ्या आठवणीत असं आहे : मावशी गेल्याचा फोन बाबांनी घेतला. तेव्हा आई वाढत होती. बाबा येऊन जेवायला बसले. मध्येच त्यांनी मीठ मागितलं. आईचं जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मीठ मागितलंत?" बाबा म्हणाले, "तू दोन घास खाऊन घ्यावेस म्हणून थांबलो." आई म्हणाली, "यापुढे मला तुमच्याकडून काही ऐकायचं नाही." बाबा म्हणाले, "ठीक आहे."

ती रागात बोलली आणि त्यांनी ते हुकमासारखं पाळलं. आपलं बोलणं पाळलं जातंय असं दिसल्यावर ते मागे घेणं तिलाही जड गेलं असावं. 'असावं' हे माझं. बाकी सगळं मी ऐकलेलं आहे. तुझ्याकडे वेगळं असेल तर कळव.

तुझा दादा


१९ जानेवारी

प्रिय बारके,

उत्तर नाही. पत्र पोचलं असं धरून चालतो.

घर बिघडलं आहे. आवाज कोणाचाच चढत नाही. परवा आई म्हणाली, "त्यांना सांग, औषध संपत आलंय." मी सांगितलं. बाबा बाटलीकडे बघत म्हणाले, "तिला सांग, दिसतंय मला." मी सांगितलं. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"हल्ली फार तोडून बोलतात," ती म्हणाली. "बारकी होती तेव्हा असं नव्हतं. माझा गुडघा धरला की विचारायचे."

"बाबा विचारायचे?"

"मग काय भिंत विचारणार?"

त्याच संध्याकाळी बाबांनी मला खुर्चीजवळ बसवून घेतलं. म्हणाले, "तुझी आई कडक झाली आहे. पोरगी गेली त्याचा राग माझ्यावर काढते. आधी म्हणायची, खिडकीत बसू नका, वारं लागेल."

"असं म्हणायची?"

"बारकी येऊन सांगायची ना."

म्हणजे मी म्हणत होतो तेच. 'दिसतंय मला' या वाक्याचं तू 'गुडघा कसा आहे' करून टाकायचीस. मी गेल्या पत्रात लिहिलं ते पुराव्यानिशी ठरलं. तरी मला त्याचं समाधान वाटलं नाही, हेही नोंदवतो.

एक मात्र कळत नाही. 'दिसतंय मला' हे वाक्य बाबांच्या खोलीत उदास होतं. मी समोर होतो, मला दिसलं. एवढासा बोळ ओलांडून स्वयंपाकघरात आलो तर ते उर्मट झालेलं. मी एक शब्द बदलला नव्हता. मग वाटेत काय झालं? मी ते ज्या कोऱ्या आवाजात म्हटलं, तो आवाज बाबांचा म्हणून धरला गेला असेल का? सभागृहातलं बोलणं मी कागदावर उतरवतो तेव्हाही असंच होत असेल, आणि वीस-बावीस वर्षं ते मला दिसलं नसेल, कारण कागद वाचणाऱ्याचं तोंड आम्हाला कधी बघायला मिळत नाही.

जोडीदाराला हे सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "लेका, घरात अहवाल चालत नाही. माझी बायको म्हणते, 'काही नाही.' मी 'काही नाही' असं लिहून घेऊन गप्प बसलो असतो तर कधीच उपाशी मेलो असतो."

"मग तू काय करतोस?"

"मी? मी आधी माफी मागतो. कशाबद्दल ते मागाहून कळतं."

यातून मला काही शिकता येईल असं वाटलं नाही.

दादा


२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे पत्र वाच.

बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि रस्त्यावरची गंमत बघतोय असं दाखवायचे, ते हेच. डॉक्टर म्हणाले, झडप बदलता येते, पण या वयात धोका आहे. नाही बदलली तर हळूहळू सगळं थकत जाईल. "हळूहळू म्हणजे वर्षभर असं समजू नका," म्हणाले. महिनाअखेरची तारीख मिळेल, पण होकार लवकर हवा.

मी विचारलं, "तुम्ही काय सांगाल?"

"आम्ही सांगत नाही. आम्ही समजावतो. सांगायचं तुम्ही."

हे मला पटण्यासारखं होतं. मी मान डोलावली.

घरी आल्यावर बाबा बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, "तिला विचार, करू का."

मी आल्यापासून त्यांनी आईला प्रश्न विचारला नव्हता. पाणी हवं, वीजवाले येणार, हे सगळं सांगणं झालं. मी आत गेलो. आई ताटं पुसत होती. झडप, धोका, डॉक्टर जे जे बोलले ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा विचारतात, करू का."

ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "सांग त्यांना, त्यांची मर्जी."

मी बाहेर येऊन सांगितलं, "आई म्हणते, त्यांची मर्जी."

बाबा वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. खाली बघतच म्हणाले, "मग नको."

मी 'बरं' म्हटलं. प्रश्न पोचवला होता, उत्तर आणलं होतं. आत जाऊन आईला सांगितलं, "बाबा नको म्हणाले." तिने पुसलेलं ताट मांडणीवर ठेवलं, पुन्हा काढलं आणि पुन्हा पुसलं.

त्यानंतर घरात या विषयावर अवाक्षर नाही. दवाखान्यातून फोन आला, मी म्हटलं थोडे दिवस द्या. आणि मग मी ठरवलं की तू करायचीस तसं करायचं. तू कशी खोटं बोलत असशील याचा मी बराच विचार केला. आई स्वयंपाकघरात होती. मी तिथे जाऊन पेलाभर पाणी प्यायलो, तेवढा वेळ उभा राहिलो आणि बाहेर येऊन म्हणालो, "बाबा, आई म्हणते, करून घ्या."

"कधी म्हणाली?"

"आत्ता."

"आत्ता ती काही बोलली नाही," बाबा म्हणाले. "तू पेला घेतलास, पाणी प्यायलास, पेला ठेवलास. तिने नळ बंद केला. अरे, अर्ध्या विटेची भिंत आहे ही. ती सुस्कारा टाकते तोही मला इथे ऐकू येतो." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "सभागृहात काय लिहितोस रे तू?"



जेवताना दोघांना एकमेकांचं ऐकू येतं हे उघडच होतं. पण या खोलीतलं त्या खोलीत जातं, आणि इतकी वर्षं जात आलं आहे, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी शिकायला बाहेर, मग नोकरीला बाहेर. म्हणजे आई 'त्यांची मर्जी' म्हणाली ते बाबांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. मी आणून दिलं ते दुसऱ्यांदा. मग त्यांना मध्ये माणूस कशाला लागतो?

आणि तुझं कसं चालायचं? तुझी बनवलेली वाक्यं त्यांना कळत असणार. कळून ते चालवून घेत होते? की तुझ्याबद्दल मीच चुकीचं लिहून ठेवलं आहे?

आई 'त्यांची मर्जी' म्हणाली की तू बाहेर जाऊन काय म्हणायचीस, ते वाक्य मला लिहून पाठव. मी तेच म्हणेन. ते नको म्हणत राहिले तर पुढच्या हिवाळ्यात ही खुर्ची रिकामी असेल. मला भीती वाटते असं इथे लिहायला हवं, म्हणून लिहिलं. वाटते की नाही ते नक्की सांगता येत नाही.

दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं कार्ड मिळालं. कामाच्या टेबलावर उघडलं. तू लिहिलं आहेस :

"दादा, मी पदरचं एकही वाक्य घातलं नाही. मी फक्त 'म्हणजे?' असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. मग जे येईल ते सांगायचे. तू विचारलंस का कधी?"

नाही. विचारलं नाही. ते आमच्याकडचं महापाप. विचारलं की माणूस बदलतो, असं मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं आणि मी ते पाळलं. तो बदलतो, की अर्धं राहिलेलं पुरं करतो, हे कोणी तपासून बघितल्याचं मला माहीत नाही.

तुला मी खोटी ठरवलं ते चूक होतं. आता घडलं ते लिहितो.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशी तू म्हणालीस, त्यांची मर्जी. म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मर्जी म्हणजे मर्जी. एवढा शिकलास, मर्जी माहीत नाही?"

मी तिथेच उभा राहिलो.

"सरक, मला डबा काढायचाय."

सरकलो. तिने डबा काढला. मी पुन्हा तिथेच येऊन उभा.

"बारकीचं वारं लागलं वाटतं तुला," ती म्हणाली. डबा उघडला, त्यात बघितलं, बंद केला. मग स्टुलावर बसली. "मी 'करा' म्हटलं आणि त्या टेबलावरून उठलेच नाहीत, तर? माझ्या तोंडचा शब्द तो. कुठे ठेवू मी तो जन्मभर? आणि 'नको' म्हटलं आणि असेच झिजत गेले, तर तोही माझाच. एकदा एक वाक्य तोंडातून गेलं ते अजून निस्तरतेय. आता दुसरं कशाला? म्हणून म्हटलं."

"हे त्यांना सांगू?"

"मी कुठे सांगू नको म्हटलं?"

बाहेर आलो. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती.

"बाबा, आई म्हणते..."

"ऐकलं मी."

"मग झालं तर."

"झालं कसं? ऐकलं ते तिने तुला सांगितलेलं. मला कुठे सांगितलंय अजून? तू सांग."

मी सांगितलं. तिच्या शब्दांत, डबा काढल्यापासून. ते पहिल्यांदाच ऐकत असावेत तसे ऐकत होते. 'निस्तरतेय' वर त्यांनी डोळे मिटले.

मग म्हणाले, "तिला सांग, मी ऑपरेशन करून घेतोय. माझ्या मर्जीने. तिने 'करा' म्हटलेलं नाही. हे नीट सांग. तुझ्या सभागृहात लिहितोस तसं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"पुरे रे. नवा शिकलेला धडा सगळीकडे गिरवू नये. तिला कळेल. जा."

आई भिंतीला हात टेकून उभी होती. अर्थातच सगळं ऐकलेलं. तरी मला बघून हात काढला आणि म्हणाली, "हं, सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग जरा वेळाने, "त्यांना विचार, दवाखान्यात न्यायला पिशवी कुठली काढू. निळीची चेन खराब आहे."

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतोय. शब्द तेच, आवाज तोच, भिंत एवढीशी. तरी ऐकू येणं वेगळं आणि सांगितलं जाणं वेगळं, हे दोघांनाही पक्कं माहीत आहे. ऐकू आलेल्या वाक्याला कोणी धनी नसतो. ते कोणी आपल्यासाठी म्हटलं की नुसतं म्हटलं, कळायला मार्ग नाही. सांगितलेल्या वाक्याला दोन्ही टोकांना माणूस लागतो. तो माणूस आपण होऊ शकत नाही, म्हणून त्यांनी तिसरा ठेवला. आधी तू, आता मी.

तारीख सत्तावीस मिळाली आहे. मला बरं वाटायला हवं. वाटत असेलही. पोचलेलं नाही अजून.

दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे दवाखान्यातल्या बाकावर लिहितोय. बाबांना आत नेलं आहे. आई शेजारी बसली आहे. तिने बरोबर काही आणलं नाही, नुसती पर्स मांडीवर धरून आहे.

आई आज येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी मी पिशवी घेऊन निघालो तर ती चपला घालून दारात उभी. बाबांना काल संध्याकाळीच दाखल केलं होतं. वाटेत मला एवढंच म्हणाली, "कुलूप नीट लागलंय ना?"

आत नेण्याआधी नर्स दारात येऊन म्हणाली, "यांना भेटायला कोण येतंय? पटकन या." मी उठलो. मी उठणं इतकं सवयीचं झालं आहे की दोघांपैकी कोण, हा प्रश्नच मला ऐकू आला नाही. आई म्हणाली, "सांग त्यांना, मी बाहेर बसलेय."

बाबांना गुंगीचं औषध दिलं होतं, पण जागे होते. चष्मा नव्हता, त्यामुळे माझ्याकडे बघताना डोळे बारीक करत होते. मी म्हणालो, "आई म्हणते, मी बाहेर बसलेय."

बाबा म्हणाले, "म्हणजे?"

बारके, हे त्यांनी मला विचारलं. त्यांनी! मला वाटलं, तुझ्यामुळे आपल्या घरात हा शब्द रुजला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या वाक्याचा अर्थ माझ्या जबाबदारीवर सांगितला. म्हणालो, "म्हणजे तुम्ही बाहेर येईपर्यंत ती तिथून हलणार नाही."

"असं म्हणाली?"

"नाही. मी म्हणतोय."

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "बरं." मग नर्स आली.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." तिने पुढे काही विचारलं नाही. मीही लांबवलं नाही. दवाखान्यात माणूस कमीच बोलतो.

दार उघडलं की ती अर्धी उठते, आणि नर्स दुसऱ्याच कोणाचं नाव घेऊन गेली की पुन्हा बसते. मी म्हटलं, आई, इतक्यात काही कळणार नाही, टेकून बस. ती टेकून बसली नाही.

तू इथे असायला हवी होतीस असं मी लिहिणार होतो. तो निरोप होतो की तक्रार, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून आधी लिहिलं नाही. आता लिहून झालं आहे, तर राहू दे.

पत्र घरी जाऊन टाकेन.

दादा


८ मार्च

प्रिय बारके,

फोनवरचा निरोप तुला मिळाला आहे. तरी पत्रात एकदा लिहिलेलं असावं : बाबा गेले. झडप बदलली, ती नीट चाललीही. दुसऱ्या दिवशी रक्तदाब उतरला तो वर आला नाही. मधल्या वेळात ते शुद्धीवर आले नाहीत. शेवटपर्यंत आम्ही दोघं बाकावरच होतो.

लोक येऊन गेले. "सुटले" म्हणाले, "हाल झाले नाहीत" म्हणाले, "आता आईला सांभाळ" म्हणाले. जोडीदार आला. माझ्या शेजारी बसला, आणि जाताना माझ्या चपला दारातून उचलून रॅकवर ठेवून गेला. शेजारच्या बाई रोज येतात आणि आईशी बोलताना सवयीने माझ्याकडे बघतात.

काल तुझा मेसेज आला : "मी येऊ का?" इतक्या महिन्यांत तू स्वतःसाठी काही विचारलंस ते हेच. मी तो आईला वाचून दाखवला.

आई म्हणाली, "विचारायचं काय त्यात? घर तिचंच आहे."

मी फोन हातात घेतला. हेच तुला जसंच्या तसं पाठवणार होतो. तुझं उत्तर काय आलं असतं तेही मला दिसलं. आलंच नसतं. म्हणून फोन खाली ठेवला आणि विचारलं, "आई, म्हणजे?"

ती एकदम चिडली. "म्हणजे काय? 'घर तुझंच आहे' म्हटल्यावर माणूस येतो होय? 'ये' म्हणावं लागतं. तोंडाने. नाहीतर बसतो माणूस बाहेर. मी नाही का बसले?"

"कुठे?"

"दवाखान्यात. तुझ्याबरोबर सांगून पाठवलं नव्हतं का, मी बाहेर बसलेय म्हणून? म्हटलं, बोलावतील आत. एकदा नुसतं 'ये' म्हणायचा अवकाश होता. तू बाहेर आलास आणि म्हणालास, सांगितलं." ती हातातला कपडा घडी घालत होती, तो नीट बसेना. "मला वाटलं, ऐकून घेतलं आणि नको म्हणाले."

मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, "बाबा नको म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं होतं, म्हणजे?"

"मग?"

"मी सांगितलं, तुम्ही बाहेर येईपर्यंत ती तिथून हलणार नाही."

आईने घडी पुरी केली. ढिगावर ठेवली.

"वाईट नाही सांगितलंस," ती म्हणाली. "पण मला विचारायचं होतंस रे. मी दाराबाहेरच तर होते."

एवढंच. नंतर ती उठून दिवा लावायला गेली. मला रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी वाटलं असतं असं वाटतं, पण हाही अंदाजच.

मी त्या दारापासून बाकापर्यंतचं अंतर सारखं आठवून बघतोय. वळून विचारायला किती वेळ लागला असता? नर्स थांबली असती. बाबा जागे होते. तू असतीस तर दार धरून उभी राहिली असतीस, "आई, म्हणजे?" म्हणून विचारलं असतंस, आणि आई आत गेली असती. मग ते दोघं काय बोलले असते मला माहीत नाही. बोलले असतेच असंही नाही. मी मात्र सगळ्या जन्मात एकदाच अर्थ सांगितला, आणि तो चुकला.

आईचा निरोप मेसेजने धाडला आहे, तरी इथेही : ये. मी खात्री करून घेतली. ती म्हणाली, ये म्हणजे ये, आज निघता आलं तर आज.

माझा निरोप वेगळा आहे, आणि तो द्यायला मला कोणी सांगितलेलं नाही. तू ये, मलाही तू हवी आहेस. घरात आता आई आणि मी दोघंच आहोत. ती जेवताना माझ्याकडे बघून बोलते. मी ऐकून घेतो, उठतो, बोळापर्यंत जातो, आणि हे कोणाला सांगायचं ते न कळून तिथे उभा राहतो.

दादा